आजेसासऱ्यांच्या ट्रंकेला बुरशी लागलीय, काय करू?

पत्र: ताई नमस्कार, मी सांगलीत गावभागात राहते. आमचे आजेसासरे नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. त्यांची एक लोखंडी ट्रंक आहे, त्यात नाटकांच्या हाताने लिहिलेल्या नकला, काही मोडीतले कागद, एक पोथी, कंपनीचे फोटो आणि आजेसासूबाईंचा शालू असं सगळं आहे. शिवाय एक मिरजेचा तंबोरा. २०१९ च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. नंतर घराची डागडुजी केली, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, ट्रंक खाली आणून मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. या गणपतीत आवराआवर करताना उघडली तर सगळ्यावर पांढरी, हिरवी बुरशी आणि वास असा की डोकं दुखायला लागलं. मिस्टर म्हणतात उन्हात टाक. शेजारच्या वहिनी म्हणतात डेटॉलच्या पाण्याने पूस. जाऊबाई म्हणतात हळद भुरभुरव. आणि सासूबाई म्हणतात हे आता घरात नको, हरिपूरला संगमावर सोडून येऊ. मला सोडवत नाहीये. काय करू?

ताई, आधी सासूबाईंना सांगा की संगमावर काही न्यायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत तरी नाहीच. आणि बाकी तिघांचं ऐकून ऊन, डेटॉल, हळद यातलं काही केलं नसेल तर फार बरं झालं, कारण मी इथे साताऱ्यात जुन्या कागदांचं काम करतेय त्याला वीसेक वर्षं झाली आणि बुरशीने खाल्लेल्या वस्तूंपेक्षा घाबरून केलेल्या साफसफाईने गेलेल्या वस्तू मी जास्त पाहिल्यात.

आज काय करायचं ते पहिलं सांगते, कारणं मागाहून. तोंडाला एन-९५ मास्क लावा, कोरोनातले असतील घरात पडलेले, साधा निळा किंवा कापडी चालत नाही. हातात रबरी हातमोजे. ट्रंकेचं झाकण लावूनच ती उचलून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत न्या, शक्यतो वरच्या मजल्यावर, बाथरूम नि स्वयंपाकघरापासून लांब. घरात कुणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल, कुणाची केमो चालू असेल तर त्यांना त्या खोलीत अजिबात येऊ देऊ नका. अॅस्परजिलस नावाची बुरशी जुन्या कागदांवर सर्रास असते आणि तिच्या काही जाती अशक्त माणसाच्या फुप्फुसात जाऊन मोठं दुखणं करू शकतात, अॅलर्जी तर कुणालाही होते. तुमचं डोकं दुखलं ते उगाच नाही.

खोलीत नेल्यावर वस्तू एकेक करून बाहेर काढा आणि पांढऱ्या कोऱ्या कागदावर किंवा टिपकागदावर सुट्या मांडा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई ओल्या कागदाला लागते. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत, तशीच राहू दे. एसी असेल तर ड्राय मोडवर लावून दारं-खिडक्या बंद. एसी नसेल तर पंखा सगळ्यात कमी स्पीडवर, आणि टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड भिंतीकडे करा, वस्तूंवर थेट वारा सोडला तर बुरशीचे बीजाणू घरभर उडतील. आणि हो, सध्या पाऊस आहे तोवर "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघड्या टाकू नका. ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते, बाहेरची हवा आत्ता खोलीपेक्षा जास्त दमट आहे, खिडकी उघडली की आपण ओल आत बोलावतो. ज्या दिवशी ऊन पडून बाहेर कोरडं वाटेल त्या दिवशी दुपारी उघडा, तिन्हीसांजेच्या आत लावून घ्या.

एखादी नक्कल अगदी चिंब, लिबलिबीत असेल आणि दोन दिवसांत सुकणार नाही असं वाटलं तर ती प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते. ऐकायला विचित्र वाटेल पण मोठमोठी ग्रंथालयं पुरात भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून ठेवतात, थंडीने बुरशी मरत नाही पण थांबते, आपल्याला वेळ मिळतो. बाहेर काढाल तेव्हा पिशवी तशीच बंद ठेवून एक दिवस खोलीत राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, कागदावर धरणार नाही. फक्त कागदासाठी हं हे. फोटो, शालू, तंबोरा फ्रीजकडे नेऊ नका.

आता हे झालं कसं. पुराचं पाणी माळ्यापर्यंत आलं नाही, ट्रंक कोरडीच वाचली, मग इतक्या वर्षांनी बुरशी कुठून आली असं तुम्हाला वाटत असणार. ती आली नाही, ती तिथेच होती. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, देवघरात, गादीखाली, मी हे टाइप करतेय त्या टेबलावरसुद्धा, आणि ट्रंकेत ते आजेसासऱ्यांच्या काळापासून पडून असतील. त्यांना जाग येते ओलीने. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असली की बहुतेक जाती नुसत्या पडून राहतात, ७० च्या वर काही दिवस सलग राहिली की उठतात आणि ७५ च्या वर जोमाने वाढतात, आणि वस्तू थेट भिजली तर दोन-तीन दिवसही पुरतात. खायला त्यांना काय लागतं तर कागदाचा तंतू, बाइंडिंगची खळ, फोटोवरचा जिलेटिनचा थर, चामडं, शालूवर कधीकाळी पडलेला जेवणाचा डाग. तुमच्या ट्रंकेत सगळंच होतं. कीटोमियम नावाची एक बुरशी तर कागदातलं सेल्युलोजच पचवते, म्हणून बुरशी लागलेला कागद हातात घेतला की कापसासारखा मऊ लागतो.

तासगावकडे तुमचं कुणी द्राक्षवालं असेल तर त्यांना विचारा, डावणी, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा रोग, कशी येते. रोगाची बी बागेत असतेच, पण शेतकरी बघतो आभाळाकडे, दव किती पडलं, पान किती वेळ ओलं राहिलं, धुकं कधी उठलं. पानावर डाग दिसायच्या आधी तो हवा ओळखतो. ट्रंकेचंही तसंच आहे, डागाकडे बघत बसलं तर उशीर झालेला असतो, हवेकडे बघायचं.

आणि तुमच्या बाबतीत हवा बिघडवली भिंतीने. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, नंतर २०२१ ला परत पूर आला. गावभागातल्या जुन्या विटा-मातीच्या जाड भिंती इतके दिवस पाण्यात उभ्या राहिल्या की आतपर्यंत पाणी पितात आणि ते सुकायला महिने नाही, वर्षं लागतात. जुना चुन्याचा गिलावा असता तर भिंत श्वास घेत घेत हळूहळू सुकली असती, पण त्यावर सिमेंट आणि वर ऑइलपेंट आला की ओल आतच कोंडते आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर येते. खालच्या बाजूला लोणा आलाय का बघा, पांढरी खारट पूड, रंगाला फुगे, पोपडे. आला असेल तर ती भिंत अजून ओली आहे असं समजा. आणि ट्रंक नेमकी तिलाच चिकटून.

यात एक हिशोब आहे तो समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं जातं. गरम हवेत वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. खोलीत ३० डिग्री असताना आर्द्रता ७० टक्के आहे असं धरा. तीच हवा २५ डिग्रीच्या गार भिंतीपाशी गेली की तिची आर्द्रता ९० च्या वर जाते, हवेत पाण्याचा एक थेंब जास्त न घालता. म्हणजे खोलीच्या मधोमध ठीक वाटणारी हवा भिंतीलगतच्या चार बोटांच्या फटीत, ट्रंकेच्या मागच्या पत्र्याशी, तसबिरीच्या पाठीशी एकदम दमट होते. पापड सादळतो तसा कागद सादळतो. आपल्याला दिसत नाही कारण आपण खोलीत मधे उभे असतो.

म्हणून भिंतीत बांधलेलं फडताळ, कोनाडा, बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट ह्या जुन्या वस्तू ठेवायच्या सगळ्यात वाईट जागा. ट्रंक परत ठेवाल तेव्हा ती आतल्या भिंतीकडे, भिंतीपासून किमान वीतभर लांब आणि खाली विटा किंवा लाकडी पाट देऊन. गच्चीचा स्लॅब गळत असेल तर माळाही नको. आणि परत कधी भिंतीचं काम काढलंत तर मिस्त्रीला सांगून निदान त्या खोलीत सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करून घ्या, खर्चाचं काम आहे पण ती भिंत कोरडी झाल्याशिवाय त्या खोलीत काहीच टिकणार नाही, तुमचे कपडेसुद्धा.

आता साफसफाई. ही लगेच करायची नाही! बुरशी ओली, बोट लावलं की फासणारी असते तेव्हा ती जिवंत असते, त्यावर ब्रश फिरवला तर ती कागदात घोटली जाते आणि डाग कायमचा बसतो. आधी सुकू द्या. सुकली की ती पिठासारखी भुरभुरीत होते, मग निघते. मला वाटतं तुम्हाला हे काम दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस थांबून हवा फिरली की मगच जमेल. सुकवायचं मात्र सावलीत. तासगावच्या बेदाण्याच्या शेड पाहिल्या असतील तुम्ही, जाळ्यांचे थर, वरून सावली आणि आरपार वारा. उन्हात टाकला तर बेदाणा काळवंडतो म्हणून कुणी टाकत नाही. कागदाला ऊन याहून वाईट, शाई उडते, कागद पिवळा पडतो, ताडकन वाकतो आणि काही वर्षांत मोडायला लागतो. मिस्टरांना ऊनच द्यायचं असेल तर रिकाम्या ट्रंकेला द्या, चांगलं चार दिवस कडक, आतून पुसून, झाकण उघडं टाकून.

सुकल्यावर अंगणात किंवा गच्चीवर सावलीत बसा, वारा पाठीमागून येईल असं, मास्क, मोजे, डोळ्यांना चष्मा. केसाळ मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा नवा चपटा बकरीच्या केसांचा मिळतो तो छान, आणि पानाच्या शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे हलक्या हाताने झाडत जा. फुंकर मारायची नाही, जोरात झटकायचं नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा मोह होईल, पण ज्याला हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर नाही तो मागच्या बाजूने सगळे बीजाणू परत हवेत सोडतो. हेपावाला मिळाला तर तोंडाला मलमलचा तुकडा बांधून, अगदी कमी ओढीवर, कागदाला न टेकवता. काम झालं की ब्रश साबणाने धुवा, कपडे लगेच गरम पाण्यात, खालचा कागद गुंडाळून पिशवीत बंद करून टाका.

डाग राहतील. तपकिरी ठिपके, गुलाबी, काळपट छटा, ह्या बुरशीने सोडलेल्या रंगाच्या असतात आणि कागदात मुरलेल्या असतात. त्या काढायच्या मागे लागू नका, ब्लीचने डाग जातो आणि पाठोपाठ कागदही जातो. डाग असलेली पण वाचता येणारी नक्कल ही चांगली नक्कल आहे.

डेटॉलचं पाणी का नको ते शाईमुळे. मोडीतले जुने कागद बहुतेक काजळाच्या शाईने लिहिलेले असतात, काजळी आणि डिंक, दिसायला एकदम पक्की, दीडदोनशे वर्षं काळी कुळकुळीत राहते. पण डिंक पाण्यात सुटतो, ओला बोळा फिरवला की अक्षर कापसावर. आणि नकलांवर तुमच्या आजेसासऱ्यांनी फाउंटन पेनने काही सूर, इशारे लिहून ठेवले असतील तर ती निळी शाई पाण्याने जाते आणि स्पिरिट, सॅनिटायझरनेही फुटू शकते. संवर्धन करणारे लोक ७० टक्के अल्कोहोल वापरतात हे खरं आहे, पण आधी सुईच्या टोकाएवढ्या जागी शाईची परीक्षा करून आणि तेही सगळ्या वस्तूंवर नाही. घरी करायचं काम नाही हे. हळदीचं म्हणाल तर सांगलीत राहून हळदीचा डाग कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगणार. जुन्या पोथ्यांचा कागद पिवळा दिसतो त्यावरून लोकांना वाटतं हळद लावायचे, पण पुष्कळदा ती हरताळ असते, आर्सेनिकची, कीड खाऊ नये म्हणून लावलेली. म्हणूनच पिवळी पोथी हाताळल्यावर हात धुवायचे आणि थुंकी लावून पान उलटायचं नाही, सासूबाईंनाही सांगा.

कडुलिंबाचा पाला, वेखंड, लवंग, कापूर हे सगळं कसर आणि झुरळांसाठी, बुरशीला त्याने काही होत नाही, उलट ओला पाला टाकला तर आणखी ओल. डांबरगोळ्याही कीटकांसाठीच, बुरशीवर उपयोग शून्य आणि त्याचा वास माणसाला चांगला नाही. मुळात रसायन मारून बुरशी संपवू हा विचारच मला पटत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. १९४० मध्ये सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, लोकांच्या गर्दीने आतली हवा बदलली म्हणून १९६३ ला बंद करावी लागली. २००१ मध्ये आत पांढऱ्या फ्युजेरियम बुरशीचा थर आला, त्यावर जंतुनाशकं फवारली, चुना टाकला, आणि काही वर्षांत काळ्या बुरशीचे डाग दिसायला लागले. पहिली हटली तर औषधाला दाद न देणारी दुसरी आली. जगातले उत्तम शास्त्रज्ञ दिमतीला असताना ही गत, कारण एकदा बिघडलेली हवा औषधाने ताळ्यावर येत नाही.

फोटोंबद्दल मला जरा थांबून सांगायचंय. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत वाईला एका घरी ग्रुप फोटो साफ करायला घेतला होता, वरती नुसती पांढरी जाळी दिसत होती म्हणून मी ओला कापूस अगदी हलका फिरवला आणि दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाचा चेहरा कापसावर आला. पूर्ण चेहरा. घरच्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, दुसरा फोटो नव्हता. झालं काय होतं की बुरशीने जिलेटिनचा थर पचवून मऊ केला होता, तसं झालं की तो साध्या पाण्यात विरघळतो. हे मला माहिती असायला हवं होतं, नव्हतं. तेव्हापासून बुरशीवाल्या फोटोला मी पाणी लावलेलं नाही. तुम्हीही लावू नका, पूर्ण सुकू द्या, फार तर अगदी मऊ ब्रश, आणि जिथे चमक जाऊन पृष्ठभाग खरबरीत झालाय तिथे ब्रशही नको. काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढू नका, काचेसकट ठेवा आणि काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्या. भिंतीवर ज्या तसबिरी आहेत त्यांच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे पाठीमागून हवा जाते. दहा रुपयांचं काम आहे.

शालूला ड्रायक्लीनला पाठवायची घाई नको, सुकवून, वर मच्छरदाणीचा जाळीदार तुकडा अंथरून त्यावरून ब्रश करा. शालूची जरीची तार काळी पडली असेल तर ती बुरशी नव्हे, चांदीवर हवेतल्या गंधकाचा परिणाम आहे, चिंचेने वगैरे घासू नका. दर वर्षी घड्या बदला. आणि ज्या कापडात गुंडाळाल त्याला खळ नको, खळ म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट, नवीन मांजरपाट असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा मगच वापरा.

तंबोऱ्याचं मात्र मला सांगू देऊ नका, तो मिरजेला न्या. तिथल्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि पिढ्यानपिढ्या भोपळा, लाकूड, लाखेचं पॉलिश हेच करत आलेत. भोपळ्याच्या आत बुरशी आहे का ते हातात घेऊन तेच सांगतील. तोवर तारा थोड्या सैल करा आणि तो एसीच्या झोतात किंवा उन्हात ठेवू नका, भराभर सुकला तर भोपळा तडकतो.

हे सगळं झालं की परत ठेवायचं कसं. पहिलं, पावसाळ्यात काहीही बंद करून ठेवायचं नाही, जी हवा बंद कराल तीच आत राहते. दिवाळीनंतर किंवा एप्रिलमध्ये, कोरड्या दिवशी दुपारी भरा. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो, खोलीत आणि मग ट्रंकेत ठेवून बघा. साठच्या आसपास असेल तर निवांत, सत्तर दिसायला लागले की हालचाल करा. रोज एका वहीत आकडा लिहिलात तर पुढच्या पावसाळ्यात कुठली खोली कधी बिघडते ते आपोआप कळेल. कागद नि फोटोंसाठी घट्ट झाकणाचे चांगले प्लास्टिकचे डबे आणि आत सिलिका जेल, नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. ओल पिऊन रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं. पण हे घट्ट डब्यातच, उघड्या कपाटात सिलिका जेल ठेवणं म्हणजे कृष्णेचं पाणी वाटीने उपसणं. पूर्वी कपाटात बारीक बल्ब लावून ठेवायचे, तत्त्व बरोबर आहे, हवा कोमट झाली की आर्द्रता उतरते, पण कागदाशेजारी तापलेला बल्ब मला नको वाटतो.

हवाबंद म्हटल्यावर तुम्हाला हरिपूरची हळदीची पेवं, जमिनीतली कोठारं, आठवतील. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होतो आणि कीड जगत नाही, म्युझियममध्ये आज वस्तू बंद पिशवीत ठेवून नायट्रोजन भरतात ते याच तत्त्वावर. पण बुरशीचे बीजाणू त्याने मरत नाहीत, थांबून राहतात, म्हणून डबा बंद करण्याआधी कोरडेपणा महत्त्वाचा.

आणि वर्षातून दोनदा उघडायचं. तुमच्याकडे शेजारी दिगंबर जैन कुटुंबं असतीलच, त्यांच्यात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते, शास्त्रं बाहेर काढतात, पुसतात, नवीन वेष्टन घालतात, बरोबर पावसाच्या तोंडावर. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस सरल्यावर लगेच. ज्यांनी कुणी ह्या तिथ्या धरल्या त्यांना हवा कळत होती. तुम्ही तेच दोन दिवस धरा, लक्षात राहायला सोपे. बासन सोडायचं, चाळायचं, वास घ्यायचा, परत घट्ट बांधायचं. आपले पोथी लिहिणारे शेवटी विनवणी लिहून ठेवायचे की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात हवेची ओल आत शिरायला वेळ लागतो, म्हणून ते बांधणीचं.

लॅमिनेशन करून घेऊ नका, कोण कितीही सांगू दे. सेलोटेपही नको. त्याऐवजी कागद सुकले की प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा. मोडी वाचायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, पोथीसाठी भांडारकर संस्थेत विचारा. फोटो नि शालूच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला किंवा इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेला आधी फोटो पाठवून सल्ला मागा, वस्तू घेऊन एकदम जाऊ नका. सगळं दुरुस्त करणं परवडणार नाही हे मला माहितीये, एकच निवडायचं झालं तर मी नकला निवडेन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावातल्या कंपन्यांच्या हातच्या नकला आता किती घरांत उरल्या असतील? छापील पुस्तकात नसलेल्या जागा, गाळलेली वाक्यं, पेटीने कुठे सूर धरायचा, ते फक्त त्यांच्यात असतं.

आता सासूबाई. त्या चुकीचं बोलत नाहीयेत, जीर्ण झालेलं पवित्र काही केरात जाऊ नये म्हणून पाण्यात सोडायचं ही आपली रीतच आहे, आणि दोन पूर पाहिलेल्या बाईला ओल्या वासाची ट्रंक घरात नकोशी होणं मला समजतं. त्यांच्याशी वाद नको. ट्रंक स्वच्छ झाली, वास गेला की फोटो सुके करून एका दुपारी त्यांच्यासमोर मांडा आणि विचारा की हे कोण, ते कोण. फोटोतली माणसं ओळखणारं तुमच्या घरात बहुधा आता त्यांच्याशिवाय कुणी नाही. त्या सांगतील तशी नावं वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहा, फोटोच्या पाठीवर पेनने नको, आणि तो कागद त्याच डब्यात ठेवा.